बाकी सगळे गोरेगावला

गोरेगावच्या सोनलोंबी धान उत्पादक सहकारी संघात ईमेल मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत आहे. हसू नका. इतर ठिकाणी लोक आपापले मेल आपापल्या मोबाइलवर गुपचूप वाचत असतील, वाचू देत. इथं तसं चालत नाही. संघाचे अध्यक्ष बकाराम रहांगडाले यांच्या डोळ्यांतून स्क्रीनकडं पाहिलं की पाणी येतं, आणि अध्यक्षांच्या कानावर पडलं नाही ते संघाला आलंच नाही असं तिथं मानतात. म्हणून आदल्या दिवशी संघाच्या सामाईक पत्त्यावर जेवढे मेल येतील तेवढे छोटेलाल शिपाई सकाळी छापून काढतो, चहाच्या वेळी सगळा स्टाफ हॉलमध्ये जमतो आणि सुलोचनाबाई तुरकर ते वाचतात. बाईंचा आवाज खडा. लग्नाआधी त्या गावच्या देवळात पोथी वाचायच्या, तोच सूर अजून गळ्यात बसलेला आहे. समोर बियाण्याच्या भावाचं पत्र असो नाहीतर सरकारी परिपत्रक, बाई एका लयीत म्हणत जातात, आणि आपण काय वाचतोय याच्याकडं त्यांचं फारसं लक्ष नसतं. कामाला आलेले शेतकरीही मागच्या बाकावर बसून ऐकतात. चहा मिळतो, वेळ जातो.

हा ईमेलचा सगळा संसार ज्यानं मांडला तो दुर्गेश पटले. दवनीवाड्याचा पोरगा. कागदावर त्याचा हुद्दा ‘संगणक चालक, कंत्राटी’ एवढाच, पण तो स्वतःला सर्व्हर ॲडमिन म्हणवून घेतो. सर्व्हर म्हणजे बियाण्याच्या पोत्यांच्या खोलीत, कूलरसमोर ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर. मेल कुठून निघतो आणि कुठं जातो हे अख्ख्या संघात दुर्गेशलाच कळतं. बाकीच्यांना कळत नाही, याचं त्याला जरा जास्तच सुख होतं. कोणी काही विचारलं की तो म्हणायचा, “तुमाले नाही समजाचं, टेक्निकल हाये.” मॅनेजर धर्मेंद्र बोपचेंनाही तो हेच सांगायचा, आणि बोपचे बिचारे टोपी सारखी करत निघून जायचे.

सुख तेवढंच. बाकी दुर्गेशची तिशी उलटली होती आणि लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारायचे, “सरकारी हाये का?” दुसरा प्रश्न विचारायची वेळच येत नसे. अशात गोंदियाच्या खुशाल कटरे गुरुजींच्या मुलीचं स्थळ आलं. भूमिका तिचं नाव, दवाखान्यात नर्स. दुर्गेशनं तिला एका लग्नात पाहिलं होतं. जेवणाच्या पंगतीत एका दारुड्याला ती ज्या पद्धतीनं हाताला धरून बाहेर बसवून आली, ते पाहूनच त्याचं मन तिच्यावर बसलं होतं. आता हे स्थळ हातचं गेलं तर पुन्हा कुठं बघायला जायचं नाही, असं त्यानं आईला सांगून टाकलं होतं.

गुरुजी मात्र पोळलेला माणूस. आधी बघून गेलेल्या एका मुलानं बँकेत असल्याचं सांगितलं होतं. चौकशी केली तर तो बँकेत होता खरा, पण एटीएमच्या दारात स्टुलावर. तेव्हापासून गुरुजींनी नियम केला की व्हॉट्सॲपवरचा बायोडाटा घ्यायचा नाही. बायोडाटा नोकरीच्या ठिकाणच्या मेलवरून आला पाहिजे. मेलच्या पत्त्यात ऑफिसचं नाव दिसलं म्हणजे निदान ऑफिस आहे एवढं तरी कळतं.

आता त्या दिवशीचं ऐका. जिल्हा संघानं कळवलं होतं की आमच्या पत्त्यांवरचे मेल तुमच्या सर्व्हरनं थेट आमच्या सर्व्हरला द्यावेत. त्यासाठी दुर्गेशला एक तक्ता बदलायचा होता. मेलच्या पत्त्यात त्या गोल चिन्हापुढं जे नाव असतं त्याला डोमेन म्हणतात. तक्त्यात डाव्या बाजूला डोमेन लिहायचं, उजव्या बाजूला त्या डोमेनचा मेल कोणाच्या हवाली करायचा ते. आपल्या संघाचं डोमेन असेल तर मेल इथंच ठेवा, जिल्हा संघाचं असेल तर त्यांना द्या. आणि सगळ्यात खाली एक चांदणीची खूण. चांदणी म्हणजे बाकी सगळे. बाकी सगळ्या जगाचे मेल नागपूरच्या एका कंपनीकडं सोपवायचे, पुढं ती कंपनी पोचवते.

काम सोपं होतं. पण नवीन रस्ता आधी तपासून पाहावा लागतो, आणि तपासणीच्या बाबतीत दुर्गेशची आधीच एकदा शोभा झाली होती. मागच्या वेळी त्यानं तपासायला म्हणून धाडलेला ‘हॅलो हॅलो, पोचलं का’ असा मेल एका मोठ्या सरकारी साहेबाला गेला होता आणि साहेबांनी अध्यक्षांना फोन करून ‘पोचलं’ असं सांगितलं होतं. त्यावर बकाराम म्हणाले होते, “तुही टेस्टिंग जे असल ते घरातल्या घरात कर. बाहेर इज्जत नको काढू.”

म्हणून दुर्गेशनं शक्कल लढवली. तपासणी होईपर्यंत त्यानं चांदणीपुढचं नागपूर खोडलं आणि तिथं संघाचा सामाईक पत्ता टाकला. आता काही चुकलं तरी मेल घरातल्या घरात. जिल्हा संघाचा रस्ता त्यानं तपासला, चालला. चांदणी परत नागपूरला लावणार, एवढ्यात मोबाइल वाजला. गुरुजी.

“देखो भाई, बायोडाटा आजच पाठवा. उद्या संध्याकाळी आम्ही दुसरं स्थळ पाहायला जाऊन राहिलो.”

झालं. दुर्गेशच्या डोक्यातून चांदणी गेली, नागपूर गेलं, सगळं गेलं. तो बायोडाटा लिहायला बसला. आता बायोडाट्यात थोडं फुगवायची रीतच आहे, त्यात त्याची एकट्याची चूक नाही. पण एकदा फुगवायला लागल्यावर कुठं थांबावं हे त्याला उमगलं नाही. लिहिलं, वाचलं, स्वतःवरच खूश झाला आणि पाठवून दिलं. स्क्रीनवर ‘मेल पाठवला’ अशी ओळ आली. दुर्गेश शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जरा उशिरानंच आला. छोटेलाल प्रिंटरजवळ उभा होता आणि प्रिंटर थांबायचं नाव घेत नव्हता.

“आज लय डाक हाये जी,” छोटेलाल म्हणाला. “कालपासून सारेच आपल्याले लिवून राहिले वाटते.”

दुर्गेशनं मधलाच एक कागद ओढून पाहिला. मेल संघाकडूनच निघालेला होता, विमा कंपनीला लिहिलेला होता, आणि आला होता मात्र इथं. क्षणभर त्याला काही कळलं नाही. मग कळलं. चांदणी. काल दुपारपासून या ऑफिसातल्या माणसांनी बाहेरच्या जगाला जे जे लिहिलं ते सगळं छोटेलालच्या हातात होतं. आणि त्यात त्याचा बायोडाटा होता.

“छोटेलालभाऊ, ते कागद अथी द्या. प्रिंटर गलत छापून राहिला.”

“बरोबर तं दिसून राहिलं.”

“त्यात व्हायरस हाये.”

छोटेलालनं गठ्ठा अंगापासून थोडा लांब धरला. “मंग तं अध्यक्षालेच देतो. मागं कागद वाया गेले तं मलेच बोलले होते.” आणि तो हॉलकडं निघालासुद्धा.

दुर्गेश मागं धावला. हॉलमध्ये मंडळी बसली होती, कपबशा आल्या होत्या. सुलोचनाबाईंनी गठ्ठा घेऊन पदरानं चष्मा पुसायला घेतला. बाहेर आभाळ भरलेलं, हॉलमध्ये दिव्याशिवाय वाचता येत नव्हतं. दुर्गेशला एकच सुचलं. तो दाराआडच्या मेन स्विचकडं सरकला आणि त्यानं स्विच खाली केला. पंखा थांबला, पण दिवे तसेच राहिले. दिव्यांना इन्व्हर्टर होता. उन्हाळ्यात याच दुर्गेशनं अध्यक्षांच्या मागं लागून तो बसवून घेतला होता आणि वर भाषणही केलं होतं.

“लाईन गेली वाटते,” बकाराम कौतुकानं म्हणाले. “पाहा, दुर्गेशच्या किरपेनं काम थांबत नाही. वाचा, बाई.”

बाई वाचू लागल्या. पहिला मेल एका केसांच्या तेलाच्या कंपनीला होता. “महोदय, आपल्या जाहिरातीस भुलून मी तीन बाटल्या लावल्या. तरी मला अद्याप टोपी काढता आलेली नाही. उलट होते तेही गेले. कळावे, आपला, धर्मेंद्र बोपचे, व्यवस्थापक.”

सगळ्यांनी एकदम बोपचेंच्या टोपीकडं पाहिलं आणि एकदम दुसरीकडं पाहिलं. बोपचेंचा चेहरा लाल झाला.

“हे अथी कसं आलं?” ते पुटपुटले.

दुर्गेश तेव्हाच बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. उठून एवढंच म्हणायचं होतं, साहेब, माझी चूक आहे, वाचू नका. पण कालपर्यंत ज्यांना ‘तुमाले नाही समजाचं’ म्हणून वाटेला लावलं त्यांच्यासमोर ते म्हणायची त्याला लाज वाटली. तो खुर्चीच्या कडेवर बसून राहिला.

बाईंनी दुसरा कागद घेतला आणि त्याच लयीत सुरू केलं. “प्रिय रिंकू, तुझ्या हैदराबादच्या कंपनीत मोबाइल चालत नाही म्हणून मेल करते. मी बरी आहे. रोज चहाच्या वेळी मला अजून पोथी वाचावी लागते. अध्यक्षांना कागद वाचता येत नाही असं काही नाही. त्यांच्याकडं चष्मा आहे, तो खिशातच असतो. पण चष्म्यात म्हातारे दिसतात म्हणून ते तो लावत नाहीत आणि आमचा घसा...”

इथं बाईंच्या लक्षात आलं की रिंकू ही आपली मुलगी आहे.

पोथीचा सूर मध्येच तुटला. बाईंनी कागद मांडीवर उलटा ठेवला आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. मागच्या बाकावर पतिराम नावाचा शेजारच्या गावचा शेतकरी बसला होता, तो तेवढा हळूच म्हणाला, “पुढं का झालं, बाई?”

दुर्गेशला मात्र इतक्या वेळात पहिल्यांदा श्वास आला. बाई आता काही वाचायच्या नाहीत. आजचं वाचन मोडलं. बाईंची लाज आपल्या कामी आली, असा हलकट विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्या विचाराची त्याला वेगळी लाज वाटली.

बकारामनी खिशात हात घातला, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि नाकावर चढवला. खरंच ते त्यात म्हातारे दिसत होते.

“द्या बाई, ते कागद,” ते शांतपणे म्हणाले. “उरलेले मीच वाचतो.”

बाईंनी वाचलं असतं तर लयीत झटपट उरकलं असतं. बकारामना वाचायची सवय मोडलेली. ते एकेका अक्षरावर बोट ठेवून, एकेका शब्दाचा अर्थ लावत वाचणारे. त्यांनी तिसरा कागद धरला.

“चिरंजीव दुर्गेश... पटले यांचा... परिचय.” त्यांनी चष्म्यावरून दुर्गेशकडं पाहिलं. “हे तं तुह्यं हाये.”

“खाजगी हाये जी ते,” दुर्गेश कसाबसा बोलला.

“ऑफिसच्या मेलवर खाजगी कायचं? बस. हुद्दा, माहिती तंत्रज्ञान... प्रमुख.” त्यांनी पुढची ओळ आधी मनात वाचली, मग विश्वास बसला नाही म्हणून मोठ्यानं वाचली. “माझ्या हाताखाली... व्यवस्थापकांसह... सर्व कर्मचारी काम करतात.”

बोपचेंना हेच हवं होतं. ते टोपीसकट उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “साहेब, बसू का मी?”

हॉलमध्ये पहिल्यांदा हसू फुटलं. दुर्गेशचे कान तापले.

“मला स्वतंत्र शिपाई... आणि स्वतंत्र थंड कक्ष आहे.”

“शिपाई म्हंजे मी का?” छोटेलालनं विचारलं. “अन् थंड कक्ष म्हंजे पोत्यायची खोली?”

“अध्यक्ष महोदय कोणताही निर्णय... मला विचारल्याशिवाय... घेत नाहीत.” बकारामनी कागद खाली केला. “खरं हाये का बा हे? मले तं माहीत नव्हतं.”

दुर्गेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो जमिनीकडं पाहत होता आणि फरशीवर सांडलेला चहाचा डाग पाहून पाहून त्याला पाठ झाला होता. बकारामनी शेवटची ओळही सोडली नाही. “स्वभाव, अत्यंत नम्र.”

यावर सुलोचनाबाईसुद्धा खिडकीतून तोंड वळवून हसल्या. त्यांना तेवढाच आधार झाला. कोणी म्हणालं, साहेब, मले उद्या सुट्टी पायजे. कोणी म्हणालं, साहेब, सही कुठं करू. दुर्गेशला वाटलं, अजून काय व्हायचं ते होऊन जावं आणि एकदाचं सुटावं.

पण अजून व्हायचं होतं. हसणं ओसरल्यावर मागच्या बाकावरून पतिराम उठला. चहा त्याच्या हातात तसाच होता.

“अध्यक्ष, माह्या मेलाचं सांगा ना जी. कापलेला धान भिजला त्याची खबर काल अथूनच कंपनीले पाठवली होती. त्यायचं काही उत्तर आलं का?”

बकारामनी पुढचा कागद उलटला. तो पतिरामचाच होता. विमा कंपनीला लिहिलेला, आणि कंपनीकडं न जाता इथं चहाच्या कपाशेजारी पडलेला. नुकसान झाल्यावर खबर मुदतीत गेली नाही तर विम्याचं काही खरं नसतं, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि मुदत त्याच दिवसापर्यंत होती.

आता कोणी हसत नव्हतं. दुर्गेश उठून उभा राहिला.

“माही चूक झाली जी,” तो म्हणाला. “तुमचा मेल गेलाच नाही. कोनाचाच नाही गेला.”

“काऊन?” पतिरामनं विचारलं. “बाई तं म्हने, गेला असं लिवून आलं.”

दुर्गेशच्या तोंडावर ‘टेक्निकल’ हा शब्द आला होता. तो त्यानं गिळला. “कसं हाये, आपला सर्व्हर एसटी स्टँडसारखा हाये. कोनत्या गावची गाडी कोनत्या रस्त्यानं सोडाची ते मी लिवून ठेवतो. खाली लिवलं होतं, बाकी साऱ्या गाड्या नागपूरकडं. मी तपासाले म्हून ते खोडलं अन् लिवलं, बाकी साऱ्या गोरेगावले. मंग बदलाचं भुललो.”

“म्हंजे मी नागपूरच्या गाडीत बसलो तरी गोरेगावलेच उतरलो?”

“होय जी.”

“अन् कंडक्टरनं तिकीट नागपूरचं फाडलं?”

“होय जी.”

पतिरामनं थोडा विचार केला. “हे तं मले समजलं,” तो म्हणाला. “यात टेक्निकल का होतं?” तो रागावून बोलला असता तर परवडलं असतं. तो खरंच विचारत होता.

“चाल,” बकाराम उठले. “आताच्या आता कालचे सारे मेल जिकडचे तिकडं पोचव. येकही अथी राहिला नाही पायजे.”

दुर्गेशनं जाताजाता दाराआडचा मेन स्विच गुपचूप वर केला, आणि सगळा हॉल पोत्यांच्या खोलीत शिरला. पतिराम दुर्गेशच्या खांद्यामागं उभा. दुर्गेशनं आधी चांदणीपुढं नागपूर लिहिलं, तीनतीनदा वाचून पाहिलं. मग सामाईक पत्त्यावर अडकलेले कालचे मेल काढले. एकेक उघडून पाठवत बसायला त्याला धीर नव्हता, आणि मानेवर पतिरामचा श्वास लागत होता. त्यानं सगळे एकदम निवडले आणि ज्याचे त्याला सोडून दिले.

मग सगळे वाट पाहत उभे राहिले. कोणी पोत्यावर बसलं, कोणी कूलरपुढं. काही वेळानं कंपनीचं उत्तर आलं. बकारामनी चष्मा लावून स्क्रीनवर स्वतः वाचलं, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी वाचलं. “आपली सूचना मुदतीत प्राप्त झाली.” पतिराम दुर्गेशच्या पाठीवर हात ठेवून बाहेर गेला. त्या हातानं दुर्गेशला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

“येक काम राहिलं,” सुलोचनाबाई म्हणाल्या. आता त्यांचा राग गेला होता. “तो बायोडाटा काल अथीच पडला ना? म्हंजे गुरुजीनं वाचलाच नाही. मंग आता खरा लिव ना गा, पोरा.”

दुर्गेशनं मान वर केली. इतक्या गोंधळात हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. कालच्या चुकीनं त्याला एक गोष्ट दिली होती, खोटं बोलून परत यायची वाट. तो लिहायला बसला. पण आता एकटा लिहिणार कसा? ज्यांना त्यानं हाताखाली घातलं होतं ते सगळे डोक्यावर उभे होते.

“हुद्दा,” बोपचे सांगू लागले, “संगणक चालक. कंत्राटी लिव, सोडू नको.”

“हाताखाली कोनी नाही,” छोटेलाल म्हणाला. “वरती सारेच हायेत, असं लिव.”

“कक्षात पोते हायेत.”

“कामात हुशार हाये,” बाईंनी मध्येच घातलं. “ते बी लिव. खरं ते खरं.”

“पन कधी कधी भुलतो,” बकाराम म्हणाले. “ते बी खरंच हाये.”

दुर्गेशनं शब्दन् शब्द लिहिला. लिहिताना त्याला वाटत होतं की आपण अंगावरचा एकेक कपडा काढून देतोय. तरी शेवटी वाचून पाहिलं तेव्हा त्यात खोडण्यासारखं काही सापडलं नाही. त्यानं तो पाठवला आणि नागपूरचा रस्ता पुन्हा एकदा तपासला.

थोड्या वेळानं बकारामचा मोबाइल वाजला. बकाराम मोबाइल कानाला लावत नाहीत, कान तापतो म्हणतात. त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

“अध्यक्ष साहेब, नमस्कार. मैं गोंदिया से खुशाल कटरे बोल रहा हूँ. तुमच्याकडं तो दुर्गेश पटले हाये ना, त्यानं काही भानगड केली का?”

“काऊन जी?”

“नाही, घंट्याभरापूर्वी त्याचा मेल आला तेव्हा तो प्रमुख होता. सारं ऑफिस त्याच्या हाताखाली होतं. आता दुसरा मेल आला, त्यात तो कंत्राटी ऑपरेटर हाये अन् पोत्यात बसते. मी जिंदगीभर सरकारी नौकरी केली साहेब, इतक्या लवकर कोनाले खाली उतरवलेलं नाही पाह्यलं. असा का घोटाळा केला पोरानं?”

दुर्गेशला अध्यक्षांचे शब्द आठवले. कालचे सारे मेल जिकडचे तिकडं, एकही राहता कामा नये. सगळे एकदम निवडले होते, त्यात बायोडाटाही होता. गुरुजींना आधी खोटा पोचला होता, मग खरा. बोपचेंनीही तेवढ्यात हिशोब जुळवला असावा, कारण त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं, सगळ्यांसमोर, आणि तिकडं कोणाचं लक्षसुद्धा गेलं नाही.

बकारामनी दुर्गेशकडं पाहिलं. त्यांना चार गोष्टी रचून सांगता आल्या असत्या, आणि दुर्गेशच्या डोळ्यांत तेच मागणं होतं. पण अध्यक्ष सरळ माणूस.

“घोटाळा नाही जी, गुरुजी. पयला मेल पोरानं खोटा लिवला होता. दुसरा आमी साऱ्याईनं बसून खरा लिवला.”

“म्हंजे खोटं बोलला,” गुरुजी म्हणाले.

“होय जी. बोलला.”

“मंग तं विषय मिटला, साहेब. आमचा येकदा अनुभव झाला हाये.”

दुर्गेशनं टेबलाची कडा धरली. आईला काय सांगायचं हे त्याला सुचेना. इतक्यात पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, “बाबा, फोन द्या अथी,” आणि थोडी ओढाताण ऐकू आली.

“मी भूमिका बोलून राहिली,” आवाज म्हणाला. “दोन्ही मेल मीच वाचून देले बाबाले. पयल्या मेलातला पोरगा मले नाही पायजे. त्याच्या हाताखाली पयलेच लय जन हायेत, मले अजून येक नाही व्हाचं. दुसऱ्या मेलातला असल तं पाह्यतो म्हना. तो तथी हाये का?”

“अथीच उभा हाये,” बकाराम म्हणाले.

“मंग त्यालेच इचारा, तो कोनता हाये ते.”

सगळे दुर्गेशकडं पाहत होते. त्याचा चेहरा, कान, मान, सगळं तापलं होतं. त्यानं खाली पाहूनच म्हटलं, “दुसरा.”

“आयकू नाही आलं.”

दुर्गेशनं मान वर केली. समोर बोपचे होते, छोटेलाल होता, सुलोचनाबाई होत्या. ज्यांच्या देखत हे म्हणायचं नव्हतं ते सगळेच होते.

“दुसरा हाये जी मी,” तो मोठ्यानं म्हणाला. “हाताखाली कोनी नाही.”

“बरं,” भूमिका म्हणाली. “मंग रविवारी येजा. अन् पयल्याले घरीच ठेवून येजा.”

फोन बंद झाला. दुर्गेश तसाच उभा राहिला. लाज अजून जराही कमी झाली नव्हती, पण आता ती घेऊन गोंदियाला जायचं होतं.